चौदा फुटांचा उतार

देऊळगाव राजा
६ जुलै २०२५

मामा,

जय भीम. दर रविवारी फोन होतो, तरी ही पत्र लिहीत का बसली असं तुला वाटेल. वसतिगृहात आम्हाला मोबाईल ठेवू देत नाहीत. फोन अधीक्षक ताईंच्या टेबलावर असतो आणि त्या शेजारीच बसलेल्या असतात. मागे सात-आठ मुली रांगेत. दहा मिनिटांत "बरी आहे, जेवते, अभ्यास चालू आहे" यापलीकडे तोंडातून काही निघत नाही. हे पत्र सफा पेटीत टाकेल. सफा माझ्याच वर्गात आहे, गावात राहते, रोज घरून येते. तिच्या अब्बांचं, गुलजारचाचांचं, बसस्टँडमागे वेल्डिंगचं दुकान आहे.

हे पान आईला वाचून दाखव. खोली तळमजल्यावर आहे. माझ्या खाटेशेजारी चाकाची खुर्ची लावायला जागा ठेवलीय. इकडच्या मुली जालन्याकडचं बोलतात, मी "मले" म्हटलं की हसतात, पण वाईट मनानं नाही. इथं प्रयोगशाळा आहे, कॉम्प्युटर आहे. आठवीनंतर आपल्याकडच्या शाळेत वर्ग माडीवर होता म्हणून मला घेतलं नव्हतं. इथं पहिल्या दिवशी मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला दारातून आत नेलं आणि म्हणाल्या, "ही शाळा तुझ्यासाठी तयारच होती." आईला सांग, भाकरी जाड असते पण पोट भरतं.

आता हे दुसरं पान. हे आईला वाचू नकोस.

मामा, मला रॅम्पची भीती वाटते. वर्ग जोत्यावर आहेत, तीन फूट वर. एका बाजूला पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूला माझ्यासाठी रॅम्प. त्याला कठडा नाही. वर पांढरी गुळगुळीत फरशी. चढताना दोन मुली मागून ढकलतात आणि त्यांचे पाय घसरतात ते मला ऐकू येतं. उतरताना चाकाची कडी हातात धरून ठेवते, पण तळव्यांना घाम सुटतो. सकाळी जाग आली की पहिल्यांदा तोच आठवतो. दिवसातून दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं. शाळेच्या भिंतीवर त्याच रॅम्पचा फोटो लावलाय. कोणाला सांगितलं तर म्हणतील, एवढं केलं तरी हिची तक्रार.

तू गवंडी आहेस म्हणून तुला विचारते. सगळे रॅम्प असेच असतात का?

तुझी
अर्पिता


बोरखेडी, ता. संग्रामपूर
१३ जुलै २०२५

पोरी अर्पिता,

जय भीम. तुह्यं पत्र भेटलं. पहिलं पान बाईले वाचून दाखवलं. तुही माय दोन डाव म्हने, पुन्हा वाच. दुसरं पान माह्या खिशात हाये.

आता मी काय लिहितो ते नीट वाच. उतरताना तोंड खाली करून उतरू नोको. खुर्ची उलटी घ्यायची, तोंड शाळेकडे, पाठ उताराकडे. मागं एक मोठी पोरगी पाहिजे, तिनं आपल्या अंगानं खुर्ची अडवून एक एक पाऊल मागं यायचं. फरशी ओली असन तं उतरायचंच नाई. वर्गात बसून राहाय. कोनी काई म्हनो.

मले काही गोष्टी कळव. रॅम्प किती लांब हाये? पट्टी नसन तं पोरीच्या पावलानं मोज. फरशीच्या कडेनं निळी पट्टी हाये काय? खाली समोर सिमेंटची पान्याची टाकी हाये काय? उजव्या अंगाले झेंड्याचा मोठा ओटा हाये काय?

तू विचारलं सगळे असेच असतात का. नाई. असे नसतात.

बाकी इकडे बेस हाये. मले सध्या काम कमी हाये. झोप नीट लागत नाई, पन ते वयामुळे असन.

तुह्या मामा
इंद्रभान


देऊळगाव राजा
२२ जुलै २०२५

मामा,

तुझं पत्र वाचून मी आधी थोडी हसले. टाकीचं तुला कसं कळलं? आई मला सोडायला आली तेव्हा तिनं सांगितलं असेल. हो, खाली समोर सिमेंटची टाकी आहे, चार-पाच हातांवर. त्यामुळे खाली पोचल्याबरोबर वळावं लागतं. निळी पट्टी आहे. ओटा आहे, त्यावर झेंडा असतो. सफानं पट्टी आणून मोजलं, रॅम्प चौदा फूट आहे.

तू सांगितलंस तसं उलटं उतरायला लागले. सफा मागे असते. त्यानं बरं वाटतं. पण ती माझ्यापेक्षा बारीक आहे. मी तिच्या अंगावर गेले तर काय होईल हे सारखं डोक्यात येतं.

अजून एक गोष्ट आहे, तीही आईला सांगू नकोस. संडास रॅम्पच्या खाली, पलीकडे आहे. त्याचं दार अरुंद आहे, खुर्ची आत जात नाही. शाळेत कामाला असलेल्या सिंधूताई मावशी मला उचलून नेतात. एकदा जायचं म्हणजे एकदा उतरायचं आणि एकदा चढायचं. म्हणून मी सकाळपासून पाणी पीत नाही. शाळा सुटल्यावर पिते. गेल्या आठवड्यात लघवीला जळजळ झाली, ताप आला. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पितेस का. मी मान खाली घातली.

आता जे सांगते त्यासाठी हे पत्र लिहितेय. आठ ऑगस्टला शाळा बघायला बाहेरून मोठी माणसं येणार आहेत. दिव्यांग मुलांसाठी कोणती शाळा चांगली, ते बघून निवडणार आहेत. मोठ्या मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. चहा दिला. म्हणाल्या, "अर्पिता, त्या दिवशी तू रॅम्पवरून एकटी खाली यायचं. कोणी धरायचं नाही. तुझं स्वावलंबन दिसलं पाहिजे." मी म्हटलं, "मॅडम, भीती वाटते." त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "भीती मनात असते, बाळा. रॅम्पमध्ये नसते."

त्या वाईट नाहीत. त्यांनी मला प्रवेश दिला. त्यांना नाही कसं म्हणू? रोज त्यांच्या समोरून जाते तेव्हा त्या हसून विचारतात, "तयारी चाललीय ना?"

अर्पिता


बोरखेडी
२७ जुलै २०२५

अर्पिता,

एकटी उतरू नोको. काही झालं तरी एकटी उतरू नोको. मॅडमले सांग, मामानं मना केलं. मॅडम रागावल्या तं रागावू दे. शाळेतून काढलं तं काढू दे. भीती तुह्या मनात नाई, त्या रॅम्पातच हाये. हे मी गवंडी म्हनून सांगतो, माह्यावर भरोसा ठेव.

अन् पानी पित जाय. तुह्या पाया पडतो.

मी पाच तारखेले येतो. मॅडमशी मीच बोलतो. नांदुऱ्याहून सकाळची बुलढाण्याची गाडी भेटली तं दुपारपर्यंत पोचतो. तू फाटकाकडे लक्ष ठेव.

बाईले सांगतलं की तुले भेटाले चाललो. ती लाडू करून देतो म्हने.

मामा


देऊळगाव राजा
१४ ऑगस्ट २०२५

मामा,

पाच तारखेला मी दिवसभर फाटकाकडे बघत होते. मराठीच्या तासाला बाईंनी दोनदा हटकलं. शाळा सुटल्यावर सफा म्हणाली, गाडी चुकली असेल, उद्या येतील. सहालाही तू आला नाहीस. रविवारी फोनवर आई म्हणाली, "मामा गेलता, पन गाडी हुकली म्हने." मग तू फोनवर का आला नाहीस?

मॅडमना मी सांगितलं होतं, मामानं नको म्हटलंय. त्या म्हणाल्या, "मामा येऊन बोलू देत ना. मी त्यांना दाखवते, किती सुंदर केलाय." तू आला नाहीस, मग माझ्याकडे दुसरं सांगायला काही उरलं नाही.

सात तारखेला सराव ठेवला. सकाळी भुरभुर येऊन गेली होती. सिंधूताईंनी फडक्यानं फरशी पुसली, तरी ती ओलसर होती. मी म्हटलं, ओली आहे. मॅडम म्हणाल्या, पुसलीय ना. माझी खुर्ची वर आणून उभी केली, तोंड खाली करून. खाली सफा फुलांचं ताट घेऊन उभी, पाहुण्यांवर फुलं टाकायची होती त्याचा सराव. सगळ्या मुली पायऱ्यांवर.

मी कडी घट्ट धरली. पहिले दोन-तीन हात खुर्ची हळू गेली. मग हातातून कडी सरकायला लागली. तळवा भाजल्यासारखा झाला आणि मी हात सोडला. मामा, मी सोडला. धरून ठेवायला पाहिजे होता. टाकी अंगावर धावून आली असं वाटलं. तेवढ्यात सफानं ताट टाकलं आणि मध्ये येऊन उभी राहिली.

मला काही झालं नाही. कोपर खरचटलं. सफाचा उजवा हात माझी खुर्ची आणि टाकी यांच्यामध्ये सापडला. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ती रडली नाही. खाली बसून स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. तिचा हात तिचा वाटत नव्हता, भलतीकडे वळला होता. ते मी डोळे मिटले की दिसतं.

आठ तारखेला मला खोलीत ठेवलं. पाहुणे आले, रॅम्पला दोन्हीकडून झेंडूच्या माळा लावल्या होत्या, त्यांनी फोटो काढले आणि गेले. कोणी चालून बघितलं नाही.

आता रॅम्पवर बाक आडवा टाकलाय. मला खुर्चीसकट पायऱ्यांवरून उचलतात. चार जणी. त्यांचे पाय लटपटतात आणि मी वरून पायऱ्या बघते. मला घरी यायचं आहे. पण घरी आले तर दहावी कुठून करू?

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे. सफाचे अब्बा मला खुर्चीसकट रिक्षातून पोस्टात नेतील म्हणाले. त्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

अर्पिता


बोरखेडी
२० ऑगस्ट २०२५

अर्पिता,

तुह्यं पत्र वाचून मी वावराच्या धुऱ्यावर जाऊन बसलो. आता जे लिहितो ते लिहाले मले दीड महिना लागला. तू पहिल्या पत्रात विचारलं तवाच सांगाले पाहिजे होतं.

तो रॅम्प मी बांधला.

तीन वर्सांखाली सहदेव ठेकेदाराच्या कामावर मी देऊळगावले दोन महिने होतो. घरी नुसतं जालन्याकडे काम हाये म्हनून सांगतलं होतं. तुह्या शाळेच्या जोत्याचं काम होतं. कागदावर रॅम्प छत्तीस फुटांचा होता, मधात सपाट टप्पा अन् वळन. एक फूट उंचीले बारा फूट लांबी लागते, तीन फुटाले छत्तीस. हे मले पहिल्यापासून माहीत हाये. पन शाळेच्या कमिटीले झेंड्याचा ओटा मोठा पाहिजे होता, त्यात जागा गेली. सहदेव म्हने, "चौदा फुटात संपव." मी म्हटलं, "भाऊ, हे उभं होते." तो म्हने, "इथं कोन येनार हाये खुर्चीवर? फोटो काढून पाठवाचा, काम खतम. वरून टाईल लाव, चमकली पाहिजे." अन् तो हासला.

मीही हासलो, अर्पिता. हे मी कोनाले सांगतलं नाई. तुही खुर्ची त्याच साली आली होती. घरी तू खुर्चीत होती अन् मी तिथं हासून राह्यलो होतो. मी तुले लहानपनापासून खांद्यावर घेऊन फिरलो. खुर्ची उतारावर कशी पळते, हे मी कधी पाह्यलंच नाई. तुह्यासाठी खांदा हाये म्हनलं, रॅम्पाचा काय संबंध. असंच वाटत होतं मले.

निळी पट्टी माह्या हातची. टाकीचं प्लास्टर माह्या हातचं.

आपल्या गावच्या गुरुजींनी तुह्या दाखल्याचे कागद देऊळगावले पाठवले, तवा मी त्यावरचं शाळेचं नाव वाचलं नाई. मी म्हटलं, तिथं शाळा काय एकच हाये? मी विचारलं नाई. विचारलं असतं तं कळलं असतं, म्हनून विचारलं नाई.

पाच तारखेले गाडी हुकली नाई. मी चिखलीपर्यंत आलो. स्टँडवर बसलो. देऊळगावची गाडी समोर लागली, भरली, गेली. दुसरी लागली, तीही गेली. मले दिसत होतं, मी फाटकातून आत येतो, मॅडम मले ओळखतात, अन् तुह्यासमोर म्हनतात, अरे हा तं आपला मिस्तरी. त्या भेवानं मी उठलो नाई. लाडवाचा डबा मांडीवर होता. संध्याकाळी वापस आलो.

मी त्या दिवशी आलो असतो तं सफाचा हात मोडला नसता. हे तू लिहिलं नाई. मी लिहितो.

बाईले यातलं काहीच माहीत नाई.

इंद्रभान


बोरखेडी
४ सप्टेंबर २०२५

अर्पिता,

पंधरा दिवस झाले. तुह्यं पत्र नाई. फोनवर बाईशी बोलते, मी बाजूले उभा असतो, तू मले विचारत नाई. बाई म्हनते, "काऊन रे, भाची रुसली काय?"

काल सहदेव येऊन गेला. मोटारसायकल दारात लावली अन् उतरला पन नाई. त्याले शाळेतून फोन गेला म्हने. तो म्हने, "इंद्रभान, तुह्या हातचं काम होतं, चूक तुही. माह्यं नाव घेतलं तं या जिल्ह्यात तुले कोनी थापी धरू देनार नाई." तो गेल्यावर मी दाराची कडी लावून घेतली.

शाळेत कोनी सांगतलं, हे मले माहीत नाई. तू सांगतलं असन तं बरंच केलं.

एवढंच कळव की पानी पिते.

मामा


देऊळगाव राजा
१० सप्टेंबर २०२५

मामा,

मी सांगितलं. तुझं पत्र मी मोठ्या मॅडमना वाचायला दिलं, तुला न विचारता.

आधी मी ते सफाला वाचून दाखवलं. तिच्या हाताला प्लास्टर होतं, ती भिंतीकडे बघत ऐकत होती. संपल्यावर तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाली, "अब्बा को बताना पडेगा." मला वाटलं आता चाचा काय करतील. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "मामू ने खुद लिखा? अपने हाथ से?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग हे पत्र घेऊन शाळेत चल.

मॅडमनी उभ्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानाला खुर्ची ओढून बसल्या. मी त्यांना घाबरते, पण त्या दिवशी त्या मला घाबरलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "मी तीन वर्षं सगळ्यांना दाखवत होते. एकदाही मोजलं नाही." मग चाचांना म्हणाल्या, "गुलजारभाई, मुलीच्या हाताचं मी काय उत्तर देऊ?" चाचा म्हणाले, "जवाब मत दो मॅडम. तोडो उसको."

सहदेवला फोन केला तर त्यानं सगळं तुझ्यावर ढकललं. तू लिहिलंस तेच झालं. कमिटीची बैठक झाली. ओटा अर्धा पाडून छत्तीस फुटांची जागा करायची ठरलंय. सामान शाळा आणेल. कठडा चाचा करतील. कमिटीतले एक जण म्हणाले, त्याच मिस्तरीला कशाला बोलवायचं? मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

मला तुझा फार राग आलाय. रॅम्प बांधलास याचा आहेच, पण हसलास त्याचा जास्त आहे. मी त्या साली खुर्चीत बसून अंगणात गोल फिरत होते आणि तू म्हणत होतास, आमची पोरगी राणी आहे. आणि चिखलीत बसून राहिलास त्याचा तर अजून. मला रोज भीती वाटायची, तरी मी रोज वर जात होते.

तरी मी मॅडमना म्हटलं, मामालाच बोलवा.

तू ये. कमिटीसमोर काय घडलं ते सहदेवच्या नावासकट लिहून सही कर. आणि जुना रॅम्प फोडायच्या आधी तू माझ्या खुर्चीत बसून वरून खाली यायचं. एकट्यानं. चालेल तरच ये.

पाणी पिते.

अर्पिता


बोरखेडी
५ ऑक्टोबर २०२५

अर्पिता,

तीन दिवस झाले, रात्रीच्या गाडीनं घरी पोचलो. तिथं दहा दिवस तुह्यासमोर होतो, पन जे बोलाचं होतं ते बोललो नाई. तू ओट्याच्या कडेले बसून मले काम सांगत होती अन् मी हो हो म्हनत होतो. म्हनून लिहितो.

मी तीस वर्सं बांबूच्या पायाडावर चढतो. तिसऱ्या माळ्यावरून खाली पाहून बिडी ओढली हाये. मले वाटत होतं, चौदा फुटाचा उतार, त्यात काय. तू मले खुर्चीत बसवलं, पायाचा पट्टा लावला, अन् म्हने, "पाय वापराचे नाईत." मॅडम अन् गुलजारभाई खाली टाकीले गाद्या लावून उभे होते. पोरी पायऱ्यांवर. कोनी हासत नव्हतं. तू म्हने, "मामा, ब्रेक काढ."

माह्यानं ब्रेक निघेना. तू दोन डाव म्हने. मग मी काढला. चाक पुढं झालं अन् मले समजलं की आता माह्या हातात काहीच नाई. कडी धरली तं तळवा सोलून निघाला. तू सोडाले नोको होतं असं लिहिलं होतं ना, पोरी, ते धरून ठेवनं मानसाच्या हातात नाई. मले ओझी उचलून घट्टे पडले, तरी मी सोडला. टाकी अंगावर आली, मी डोळे मिटले अन् ओरडलो. काय ओरडलो मले याद नाई. गुलजारभाई म्हने, तुम्ही मायचं नाव घेतलं.

तू हे पस्तीस दिवस केलं. ताप अंगात घेऊन केलं. मी नुसता एक डाव केला अन् अजून उतार दिसला की फेरा मारून जातो.

घन मारताना मले बरं वाटत होतं, खरं सांगतो. माह्या हातची निळी पट्टी पहिले फोडली. नवीन कामात तू मले तीन डाव सिमेंट उकराले लावलं. खराट्याच्या रेघा आडव्या पाहिजेत, उभ्या नाई. कडेले चार बोटं उंच पाळ पाहिजे, चाक उतरलं नाई पाहिजे. कठडा दोन उंचीचा, एक चालनाऱ्याले, एक बसनाऱ्याले. हे मले कोनत्याच ठेकेदारानं सांगतलं नव्हतं. संडासाचं दार रुंद करताना सिंधूताई मले म्हने, "मिस्तरी, हे पहिले केलं असतं तं पोरीनं पानी सोडलं नसतं."

सफानं डाव्या हातानं मले चहा दिला. मले तिच्याकडे पाहता आलं नाई. ती म्हने, "मामू, शक्कर कम है क्या?" एवढंच.

घरी येऊन बाईले सगळं सांगतलं. तिनं ऐकलं, उठली, भांडे घासाले गेली. दोन दिवस माह्याशी बोलली नाई. आज सकाळी चुलीपाशी बसून म्हने, "लिफाफ्यातून पानं दोन निघत होती अन् वाचन एकाचंच होत होतं. मले वाचता येत नाई, इंद्रभान. पानं मोजता येतात." मी विचारलं, "मंग विचारलं काऊन नाई, बाई?" ती म्हने, "मले भेव वाटत होतं. तू काय सांगशील त्याचं."

आपन तिघंही भेत होतो अन् तिघंही चूप होतो.

मी सही केली त्याचा परिनाम सुरू झाला हाये. इकडच्या दोन कामांवरून मले ना म्हटलं. पुढं काय होते माहीत नाई. पन ते तुह्या डोक्यात घेऊ नोको.

तुह्या मामा


देऊळगाव राजा
११ ऑक्टोबर २०२५

आई आणि मामा,

हे पत्र दोघांना आहे. मामा, सगळं वाच.

कमिटीनं नवीन रॅम्पचं उद्घाटन ठरवलं होतं. मी मॅडमना म्हटलं, नको. कोणी बघत असलं की माझे हात जास्त कापतात. त्यांनी लगेच ऐकलं. गुरुवारी मधल्या सुट्टीत सगळ्या डबा खायला गेल्या तेव्हा मी एकटी वर आले. सफा वर्गाच्या दारात होती. मी तिला म्हटलं, तू खाली उभी राहू नकोस. कुठेही राहा, पण खाली समोर नको.

ब्रेक काढायला मलाही वेळ लागला. रॅम्प नवा आहे हे डोक्याला कळतं, अंगाला कळत नाही. चाक पुढे गेलं आणि मी जुन्यासारखा दम धरला. पण ते पळालं नाही. रेघांवरून खरखर करत हळू चाललं. मी हात धरला की थांबत होतं. मधल्या सपाट टप्प्यावर थांबले तेव्हा कळलं, माझे डोळे मिटलेले होते. मी निम्मा रॅम्प डोळे मिटून उतरले होते.

तिथे थांबलेली असतानाच फाटकातून एक माणूस आत आला. बरोबर मुलगी, सहावी-सातवीतली, दोन्ही काखांत कुबड्या. सिंदखेड राजाकडच्या एका खेड्यातून शाळा बघायला आले होते. ती मुलगी रॅम्पच्या खाली येऊन उभी राहिली आणि वर बघत राहिली. तिचा चेहरा मी ओळखला. माझा जून महिन्यातला चेहरा तसाच असणार. तिच्या वडिलांनी मला विचारलं, "बाळा, हे नीट आहे का? पडत-बिडत नाही ना कोणी?"

मला चटकन हो म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "काका, आधी पडले होते. आता मोजून बांधलाय. तरी तुम्ही मोजून घ्या." मग उरलेला रॅम्प त्यांच्यासमोर उतरले, डोळे उघडे ठेवून. त्या मुलीनं कुबडीचं टोक रेघांवर दोन-तीनदा दाबून बघितलं आणि चढायला लागली. तिचं नाव मंजुश्री आहे. दिवाळीनंतर ती इथं येणार आहे.

सफाचं प्लास्टर निघालं. बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. पेन धरते पण लवकर थकते, म्हणून तिच्या वह्या मी लिहिते. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, पूर्वीसारखं होईलच असं सांगता येत नाही.

मामा, तुझ्यावरचा माझा राग गेला का, हे तुला विचारायचं असेल. तू इथं दहा दिवस होतास तेव्हा दर वेळी विचारायला तोंड उघडायचास आणि सिमेंट कालवायला लागायचास. मला नीट सांगता येत नाही. सकाळी नसतो. सफाला बटण लावताना बघितलं की परत येतो. तो कधी जाईल मला माहीत नाही, आणि गेला नाही तर काय, तेही माहीत नाही. पण तू वाट बघत बसून राहू नकोस, एवढं मला कळतं.

सोळा तारखेला दुपारी सुट्टी लागते. आई म्हणेल, मी आणायला जाते. आई, तू नको येऊस. तू घरी थांब. मामाला पाठव. चिखलीला गाडी बदलायची असते, त्याला रस्ता माहीत आहे.

अर्पिता